कापलेल्या रानाचा मालक

पिंगळी
२ जानेवारी २०२६

दादास पंकजाचा नमस्कार.

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की धसकटांची गोष्ट तू काढलीस आणि आईने नुसती मान डोलावली. तसं झालेलं नाही. मी तो व्हिडिओ कॉल पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. गोष्ट आईनेच काढली.

तू सांगत होतास की तुमच्या शांतिसेनेच्या मोहिमेतली माणसं कमी केली आहेत, डिझेललाही कात्री लागली आहे. विस्थापितांच्या छावणीतल्या बायका सरपणाला जातात तेव्हा त्यांच्यासोबत तुमची गस्त जायची, ती आठवड्यातून तीनदा असायची, आता एकदाच निघते. बाकीच्या दिवशी बायका एकट्याच झाडीत जातात आणि तिथे त्यांच्यावर हल्ले होतात. हे सांगताना तू आवाज खाली केलास, पण आईला ऐकू गेलंच. तुझ्या मागे छावणीतली ती उंच बाई उभी होती, न्यादेंग, आणि तिच्या शेजारी तुमचा दुभाष्या. आईने तिला थेट विचारलं, "बाई, तुमच्याकडं जवारी हुती का?" दुभाष्याने विचारलं, ती हो म्हणाली. मग तू फोन फिरवून तारेपलीकडचं रान दाखवलंस. सगळी ज्वारी, नुकतीच कापणी झालेली. तेव्हा आई म्हणाली ते शब्द असे होते: "मंग झाडीत कशाला हिंडायलात? धसकटं उपटून आणा की. कापल्या रानाला मालक नसतो. उलट मालकालाच बरं, रान साफ हुतंय."

तू म्हणालास, "खरंच की. पहाऱ्याच्या टॉवरवरून ते रान दिसतंही." आणि दुभाष्याला सगळं नीट सांगायला लावलंस. न्यादेंग हसली. तिने फोनच्या काचेला बोटं लावली, आईच्या गालाला लावावीत तशी.

म्हणजे कल्पना आईची. तुझी नव्हे. पेपरच्या वार्ताहराला मी बरोबर सांगितलं होतं, तुला लिहिताना मात्र चुकले. तुला हसू येईल, पण हे तूच लावून दिलेलं आहे. उसाच्या फडावर शाळा नव्हती तेव्हा ट्रॉलीच्या फळ्यांवरची कारखान्यांची नावं दाखवून तू मला अक्षरं शिकवलीस, आणि चुकलं की खोडू द्यायचा नाहीस. खाली पुन्हा नीट लिहायला लावायचास.

आता खरी काळजी. मी बातमीचं कात्रण मोबाईलवर पाठवलं, "परभणीच्या आईचा सल्ला आफ्रिकेच्या छावणीत", आईच्या फोटोसकट. त्यावर दोन निळ्या खुणा आल्या आणि तेव्हापासून तुझा फोन बंद आहे. तू रागावलास का? फौजेतल्या माणसाच्या कामाचं बाहेर सांगायचं नसतं, असं काही असेल तर मला माहीत नव्हतं. वार्ताहराने तुमच्या तळाचं नाव विचारलं होतं, ते मी दिलं नाही.

आई रोज एकदा फोन लावून बघते. सरपंच, म्हणजे बन्सीधर आबा, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तिचा सत्कार करणार आहेत. ती नको नको म्हणते आणि हळूच मला विचारते, कोणतं लुगडं नेसू.

उत्तर लिही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझी पंकजा


पिंगळी
८ जानेवारी २०२६

दादा,

बजरंगभाऊ येऊन गेले.

कुठून सुरुवात करू कळत नाही. जसं झालं तसंच क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

ते सकाळी जिंतूरहून आले. तुझ्याच तुकडीतले, सुट्टीवर आलेले, एवढं त्यांनी दारात सांगितलं आणि आईने त्यांना हाताला धरून आत घेतलं.

"आलास का लेकरा! आन् माझं कुटंय?"

"ड्युटीवर हाय, मावशी. लय काम लागलंय त्याला."

"फोन बी उचलंना. निळी टोपी घातली की कानावर बी येती का काय?"

ते हसले. पण हसणं चेहऱ्यावर नुसतं येऊन गेलं. आईने भाकरी थापली, वांग्याची भाजी केली. ते जेवत होते आणि आई समोर बसून विचारत होती, तिथे पाणी कसं आहे, साप आहेत का, तुझ्या पोटाचं दुखणं कसं आहे. मग म्हणाली, "आन् त्या बायका? धसकटं आणायल्यात का रोज?"

त्यांनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

"आणली की, मावशी," म्हणाले.

आई खूश झाली. आतून ज्वारीची पुरचुंडी घेऊन आली. "ही त्या न्यादेंगला दे. म्हणावं, पेर आन् बघ. आमची जवारी लय पांढरी, भाकर दुधावाणी दिसती." त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि चप्पल न घालताच अंगणात उतरले. मी चपला घेऊन मागे गेले. आई म्हणाली, स्टेशनपर्यंत सोड त्याला, म्हणून मी सोबत निघाले.

 फलाटावर बसल्यावर ते म्हणाले, "ताई, सांगावं का न्हाई ठरंना. आदिनाथनं नको म्हणलंय."

"काय झालंय त्याला?"

"त्याला काय न्हाई झालं."

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांचेच शब्द लिहिते, माझे घातले तर मी ते मऊ करीन.

"चौघी गेल्या धसकटाला. तिसऱ्या का चौथ्या दिवशीची गोष्ट. आधीच्या दिवशी काय झालं न्हाई, म्हणून जरा आत गेल्या. टॉवरवर आदिनाथच व्हता. न्यादेंगनं खालून हात केला, यानं बी केला. पलीकडच्या अंगानं चार-पाच गडी आले बंदुका घेऊन. काय इचारलं न्हाई, हाकललं न्हाई. सरळ गोळ्या घातल्या. दोघी जागीच. एक खांद्यात गोळी घेऊन पळत आली. एक काय न लागता आली."

मी विचारलं, "न्यादेंग?"

"तीच पुढं व्हती की, ताई."

पॅसेंजर यायला वेळ होता. पलीकडच्या बाकावर कोणीतरी शेंगा फोडत होतं. मला त्या शेंगांचाच आवाज येत होता. बजरंगभाऊ बोलत होते, ते मला थोडं उशिराने कळत होतं. विजेचा उजेड आधी आणि गडगडाट मागून, तसं.

मी विचारलं, "पण ते रान तर कापलेलं होतं ना?"

"कापलेलं व्हतं. पर मालक व्हता त्याला. ज्या लोकांनी ह्या बायकांना त्यांच्या गावातनं हाकललं, त्येंचंच रान ते."

"बायकांना माहीत नव्हतं?"

"त्यांना न्हाई तर कुणाला माहीत असंल? तिथंच जल्मलेल्या त्या."

"मग गेल्या कशा?"

ते रुळांकडे बघत म्हणाले, "आमच्यामुळं. निळी टोपीवाला म्हणतोय कापल्या रानात जा, म्हणजे यानं त्या लोकांशी बोलणं करून ठिवलंय, असं समजल्या त्या. आमचं तेच काम हाय ना, ताई. ह्या बाजूशी बोलायचं, त्या बाजूशी बोलायचं. आमी तर कुणाशीच बोललो न्हवतो. आदिनाथला वाटलं, धसकटाचं काय बोलायचं."

तू वर हवेत गोळ्या झाडल्यास, कारण समोर बायका होत्या आणि त्यांच्या मागे ती माणसं. मग कुणाच्या हुकुमाची वाट न बघता खाली उतरून पळत गेलास. न्यादेंगला तूच उचलून आणलंस. हे सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी एक गोष्ट सांगितली, ती सांगायची त्यांची इच्छा नव्हती, मी जोर केला. तंबूत आलास तेव्हा तुझा मोबाईल वाजला. शर्ट बदलायच्या आधीच तू तो हातात घेतलास. माझं कात्रण आलं होतं.

दोन निळ्या खुणा. त्या पाहून मी त्या दिवशी आईला म्हणाले होते, "बघितलं बरं का दादानं. खूश झाला असेल."

गाडी आली. चढताना ते म्हणाले, "चौकशी लागलीय. त्यानं लिहून दिलंय, कल्पना माझी एकट्याची. घरचं नावसुद्धा काढलं न्हाई. मावशीला कळू देऊ नका, असा त्याचा निरोप हाय. सत्कार बी होऊ द्या म्हणला."

परत येताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळले. याच गावात वाढले मी.

आणि दादा, २ तारखेच्या पत्रात मी तुला किती ठासून लिहिलं आहे: कल्पना आईची, तुझी नव्हे. किती नीट, किती शब्द न शब्द. ते पत्र गेलं. पोस्टमास्तरांना विचारून आले, परत मिळतं का. ते म्हणाले, थैली गेली की गेली.

हे पत्र मी टाकणार नाही अजून. माझ्याजवळ ठेवते.

पंकजा


पिंगळी
१३ जानेवारी २०२६, भोगी

दादा,

मी वाचते आहे. दुसरं काही सुचत नाही. कॉलेजच्या वाचनालयात आणि मोबाईलवर, जे मिळेल ते. जगात आज अशा अकरा मोहिमा आहेत. आजवर सत्तरच्या वर झाल्या. आपल्या देशाची लाखो माणसं या टोप्या घालून आली, आणि कितीतरी परत आली नाहीत. तू आहेस तो देश महाराष्ट्राच्या दुप्पट आहे आणि तिथे सगळ्या देशांचे मिळून तुम्ही इतके थोडे, की परभणीच्या चार-दोन वॉर्डांत राहायला जागा होईल. आता त्यातलेही कमी करत आहेत, कारण मोठे देश द्यायचा वाटा देत नाहीत. गस्त तीनवरून एकवर आली ती अशी. कुठेतरी दूर काचेच्या इमारतीत एक आकडा कमी झाला आणि तुमच्या फाटकाशी सरपण संपलं.

नियमही वाचले. दोन्ही बाजूंच्या संमतीने राहायचं. कुणाची बाजू घ्यायची नाही. स्वतःच्या किंवा सोपवलेल्या कामाच्या रक्षणापुरतंच बळ वापरायचं. आणि जवळजवळ सगळीकडे, सामान्य माणसाचा जीव वाचवायचा. मला आजवर वाटायचं, निळी टोपी उभी राहिली की भांडण थांबतं. ती टोपी नुसती मध्ये उभी असते. बाकी सगळं तिच्या शब्दावर. हे न्यादेंगला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिने शब्दावर विश्वास ठेवला.

पण मला लिहायचं आहे ते वेगळं.

आज सकाळी आई बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होती. मी भोगीच्या भाजीचे पावटे सोलत बसले होते. मला राहवलं नाही. नुसती माहिती विचारावी तसं विचारलं, "आई, धसकटं आणायला, सरव्याची कणसं वेचायला, कुणाच्याबी रानात चालतं का गं?"

"कुणाच्याबी कसं चालंल? शिकून येडी झालीस का?"

"तूच म्हणतेस ना, कापल्या रानाला मालक नसतो."

"ते तर हायच. पर ज्येच्यासंगं आपलं बोलणं-चालणं हाय त्येच्या रानात. महारुद्रच्या बापाच्या रानात मी जल्मात पाय ठिवला न्हाई. बांधावरनं भांडण हाय म्हणल्यावर? तुझे अण्णा व्हते तवा बी न्हाई आन् आता बी न्हाई. दोन कोस लांब जाऊन आणायची, पर त्येचं काडूक उचललं न्हाई."

"मग न्यादेंगला सांगितलं नाहीस ते?"

"ते काय सांगायची गोष्ट हाय? लेकराला बी कळतंय ते. वैऱ्याच्या रानात कोण जातंय मरायला?"

माझ्या हातातला पावटा फुटला. आईने भाकरी उलटली. तव्यावर तीळ तडतडत होते.

"का गं? असं काय इचारायलीस?"

"उगीच," मी म्हणाले. हे खोटं होतं. या सगळ्यात मी बोललेलं हे पहिलं खोटं.

दादा, मला हे पचत नाही. आईला माहीत होतं. तुलाही माहीत होतं, तू तिच्या मागे टोपली घेऊन याच रानांतून हिंडलास. मलाही माहीत होतं. महारुद्रच्या बांधाला वळसा घालून जायचं, हे मला चालता यायला लागलं तेव्हापासून माहीत आहे. आपण तिघेही त्या फोनवर होतो. आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही, रान कुणाचं आहे? तीन शब्द. इथे ते विचारावेच लागत नाहीत, म्हणून तिथेही विचारले नाहीत. आपण आपलं रान तिथे नेऊन ठेवलं, आणि बांध नेले नाहीत.

रात्रीचं जेवण झाल्यावर आई म्हणाली, "पंके, आदिनाथ बरा हाय ना?"

मी म्हणाले, "बरा आहे. बजरंगभाऊंनी सांगितलं ना." हे खोटं नव्हे. पण खरंही नव्हे. कसं मोजायचं मला कळत नाही.

पंकजा


पिंगळी
१६ जानेवारी २०२६

दादा,

आज मी बन्सीधर आबांकडे गेले होते, सत्कार रद्द करा म्हणायला. कारण सांगणार नव्हते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चार-पाच जण बसलेले.

"आबा, आईला बरं नाही. सव्वीस तारखेचं राहू द्या."

"काय झालं कडूबाईला? सकाळीच तर नळावर पार्वतीबाईशी भांडायलती, मी कानानं ऐकलंय."

सगळे हसले. मी म्हणाले, "तिला असलं आवडत नाही."

"आवडत न्हाई? अगं, तिनं परवा माझ्याच बायकोला इचारलंय, शाल का लुगडं देणार म्हणून." पुन्हा हसू. मग आबा जरा जवळ आले. "आईचा सत्कार नको म्हणणारी लेक पैल्यांदाच बघायलोय. तुला बी एक शाल देऊ का? बातमी तर तूच आणलीस."

मग त्यांनी मोबाईलवर फ्लेक्सचं चित्र दाखवलं. आई मध्ये, तू कोपऱ्यात टोपी घालून, मागे तिरंगा आणि पांढरं कबूतर. वर मोठ्या अक्षरात: आफ्रिकेतील भगिनींचे प्राण वाचविणाऱ्या वीरमाता कडूबाई.

प्राण वाचविणाऱ्या. मी ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं. माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणाले, "आबा, वीरमाता तर शहीद जवानाच्या आईला म्हणतात."

"अगं, वीराची माता ती वीरमाता. तू लय कायदा नको शिकवू."

"तेवढं तरी काढा, आबा."

"बरं, काढतो. आदर्श माता करू."

एवढंच मी करून आले, दादा. एक शब्द बदलून आले. वरची ओळ तशीच आहे.

घरी आले तर आई ओट्यावर बसून अपेक्षाला, शेजारच्या सुनेला, सांगत होती: "तिकडं बी आपल्यावाणीच हाय गं. बायकांना जाळण लागतंयच की. मी म्हणलं, धसकटं आणा. झालं, मिटलं." ती बोलत होती आणि हात हलवत होती. मी मागच्या दाराने आत गेले.

तुझा निरोप पाळायचा तर मला पुढे आयुष्यभर मागच्या दाराने आत जावं लागेल.

पंकजा


पिंगळी
१९ जानेवारी २०२६

दादा,

बजरंगभाऊ उद्या निघणार. आज परभणीला त्यांना भेटून आले. टाकली नव्हती ती पत्रं आणि हे, सगळी उद्या ते निघण्याआधी त्यांच्या हाती देईन. पोस्टाने गेलेलं एक पत्र तुला आधी मिळालं असेल, त्याला माझा इलाज नाही.

मी त्यांना सांगायला गेले होते की तुझा निरोप पाळते. खरंच. आदल्या दिवशी तसं ठरवलं होतं. आई साठीच्या पुढे गेली, अण्णा गेल्यापासून ती रात्रीची नीट झोपत नाही, तिला हे कशाला, असं तुझ्यासारखंच मीही मनाशी म्हटलं होतं. मी त्यांना विचारलं, "दादा कुणाशीच बोलत नाही का?"

"आमच्याशी कामापुरतं. बाकी न्हाई. त्या म्हातारीनं इचारल्यापासनं तर अजिबातच न्हाई."

"कोणती म्हातारी?"

त्यांच्या तोंडून ते निसटलं होतं. मग सांगावंच लागलं. न्यादेंगची सासू रोज सकाळी फाटकाशी येऊन बसते. रडत नाही, मागत काही नाही. तुमच्या मोठ्या साहेबांनी दुभाष्यामार्फत तिला विचारलं, तर म्हणाली, ज्या मुलाच्या आईने सांगितलं होतं, त्या मुलाला बोलवा. तू गेलास. सगळ्यांना वाटलं ती तुला शिव्या देणार, कुणी म्हणालं थुंकेल. तिने तसं काही केलं नाही. एवढंच विचारलं: "तुझ्या आईला माहीत आहे का?"

बजरंगभाऊ म्हणाले, "आदिनाथ नुसता उभा राहिला, ताई. दुभाष्यानं दोनदा इचारलं. त्याला हो बी म्हणता येईना, न्हाई बी म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी ती परत आली. अजून येती, तिकडची पोरं फोनवर सांगत्यात. तेच इचारती."

 

तू चौकशीत काय लिहून द्यावंस, त्यात मी पडत नाही. कल्पना माझी एकट्याची, असं तू लिहिलंस. तुझे वरिष्ठ काय ते ठरवतील. गावाला काय सांगायचं, त्यातही मी पडत नाही. पेपरात काय छापायचं, तेही नाही. पण ती म्हातारी तुला विचारत नाही आहे, दादा. ती आईला विचारते आहे. तिची सून आईच्या शब्दावर गेली, आणि ती जाणून घ्यायला येते आहे की ज्या बाईने सांगितलं ती कुठेतरी बसून त्याच दुःखात आहे की तिला काही ठाऊकच नाही. त्याचं उत्तर तू दाबून ठेवायचंस आणि मी शालीखाली झाकायचं, हे आपल्याला कोणी दिलेलं नाही.

तू म्हणशील, आई सोसणार नाही. असेल तसंही. मला भीती वाटते, खोटं कशाला लिहू. मी घरी एकटी आहे तिच्याजवळ. तिला छातीत काही झालं तर पिंगळीतून परभणीला न्यायला गाडी कुणाची मागायची, इथपर्यंत मी विचार करून ठेवला आहे. पण मला दुसरी भीती जास्त वाटते. सव्वीस तारखेला सगळ्या गावासमोर तिच्या अंगावर शाल पडेल, ती लाजून हसेल, फोटो निघतील. आणि मग वर्षाने, दोन वर्षांनी, कुणीतरी जवान इथून जाईल आणि ओट्यावर बसून सगळं सांगेल. तेव्हा तिला त्या हसण्याचाही हिशोब द्यावा लागेल. आणि ती मला विचारेल, तुला माहीत होतं का. मला हो म्हणावं लागेल.

आज संध्याकाळी तिने सत्काराचं लुगडं काढून मला दाखवलं. हिरवं, अण्णांनी शेवटी आणलेलं. "हे बरं दिसंल का गं?" म्हणाली. मी म्हणाले, "थांब, अजून वेळ आहे." तिने माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. मग म्हणाली, "तुला काय तरी सांगायचंय. कवापासनं बघायलेय मी. सांगशील तवा सांग, पर लय दिवस लावू नको." आणि लुगडं घडी करून ठेवून दिलं.

म्हणून तुझा निरोप मी मोडते आहे. तुला न सांगता मोडणार नाही, एवढंच माझ्या हातात होतं. बजरंगभाऊ म्हणाले, शनिवारपर्यंत हे पत्र तुझ्या हाती पोचेल. मी तोवर थांबते.

मी गावासमोर काही बोलणार नाही. आईला सांगेन, सगळं, बजरंगभाऊंच्या शब्दांत, आणि ती मला आणि तुला काय म्हणायचं ते म्हणेल. मग दुसऱ्या दिवशी झेंड्याला जायचं की नाही, गेल्यावर काय बोलायचं, ते तिचं ती ठरवेल. मी सोबत असेन.

तू एकच कर. फोन चालू ठेव. ती तुला दोष देईल की नाही मला माहीत नाही, पण ती आधी विचारेल न्यादेंगला लेकरं किती, कोण बघतंय त्यांना, दुसरीचं नाव काय होतं, आणि जिच्या खांद्यात गोळी लागली तिचा हात आता चालतो का. हे माहीत करून ठेव. आणि त्या सासूबाईंचं नाव विचार. आई त्यांच्याशी बोलायचं म्हणेल, मी तिला ओळखते. दुभाष्याला जवळ बसवून घे.

सकाळी गोठ्यातलं आवरून आई चुलीपुढे येऊन बसली की मी सांगणार आहे. रविवारी, २५ जानेवारीला.

तुझी पंकजा